इस्त्री केलेली जमीन

१४ ऑगस्ट
हवा: ढगाळ. यंत्र: नाही. ऑपरेटर: मी. सपाटी: उत्तम. शेरा: नाही.

एकतीस वर्षं डोझर चालवला आणि रोज शिफ्ट संपली की हे पाच रकाने भरले. निवृत्त झालो तरी हाताला खाज सुटते. ही म्हणाली, "अहो, रकान्यांच्या खाली एवढी कोरी जागा आहे, तिथे लिहा ना काय ते. दिवसभर माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा बरं." म्हणून ही वही.

आजपासून मी झाडांचा राखणदार. खाण बंद झाली, कोळशाचा खड्डा भरून काढला, वर माती पसरली, ती माती मी सपाट केली, याला तीन वर्षं झाली. दोनदा झाडं लावली, दोनदा मेली. आता तिसऱ्यांदा अकराशे रोपं लावलीत. वस्तीच्या समितीने विचारलं, सांभाळणार कोण? मी हात वर केला. कागदावर ती जमीन माझी नाही, पण तिच्यातला इंचन् इंच माझ्या पात्याखालून गेलाय. आणि खाणीच्या आधी तिथेच हिच्या वडिलांचं शेत होतं. विहिरीवर तुतीचं झाड होतं. लग्नात ही त्याची एक फांदी घेऊन आली, तीच आमच्या परसात वाढली. त्या तुतीचं कौतुक मी चाळीस वर्षं ऐकतोय.

कंपनीच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "फेब्रुवारीत तपासणी पथक येईल. निम्मी झाडं जगलेली दिसली नाहीत तर जमीन नापीक ठरणार. मग वीजघराची राख तिथे ओतायची. इस्त्रीमामा, या वयात कशाला जीव आटवताय?"

म्हटलं, "साहेब, साडेपाचशे झाडं ना? सहाशे दाखवतो."

इस्त्रीमामा हे माझं खाणीतलं नाव. मी सपाट केलेल्या जमिनीवर काचेची गोटी ठेवायची, ती हलता कामा नये. हलली तर पुन्हा फेरी. भिंतीवर प्रमाणपत्र आहे, 'उत्कृष्ट सपाटीकरण', काचेत मढवलेलं.

१९ ऑगस्ट
पाऊस थांबून पाच दिवस झाले तरी जमिनीवर पाणी उभं आहे. आरशासारखं. कुठे उतार नाही, कुठे खळगा नाही, जाणार कुठे बिचारं? हिला मुद्दाम नेऊन दाखवलं. ही बघून म्हणाली, "छान आहे. झोपायला."

तिला काय कळतंय.

डोळ्यात खुपतो तो फक्त ओढ्याकडचा कोपरा. भरावाच्या शेवटच्या महिन्यात मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे दवाखान्यात पडलो आणि माझ्या जागी ढेकळ्या आला. ढेकळ्या म्हणजे माझा जोडीदार, सगळ्या खाणीत एक नंबरचा आळशी. त्याने मातीच्या गाड्या ओतून घेतल्या आणि पातं न लावता तसेच ढीग टाकून घरी गेला. मी परत येईपर्यंत काम बंद झालेलं. दीड एकरभर उंचवटे, खड्डे, ढेकळं. भरल्या ताटात केस निघावा तसं वाटतं. कुणाचा तरी डोझर मागून आणतो आणि दोन दिवसांत साफ करून टाकतो.

हिला म्हटलं तर म्हणाली, "आधी परसातली मोरी तुंबलीय ती साफ करा."

२ सप्टेंबर
माती तपासणारी एक बाई आली आहे, समितीने बोलावलेली. तिशीची असेल. हातात लोखंडी सळई, वर दांडा. जमिनीत खुपसते, किती बोटं गेली ते लिहिते. दिवसभर तेच. मी तिचं नाव सळईबाई ठेवलं.

"काका, चार बोटांच्या खाली जातच नाहीये."

"अंगात जोर लागतो त्याला."

ती हसली आणि दांडा माझ्या हातात दिला. मी जोर लावला. चार बोटं. पुन्हा लावला. चार बोटं आणि कमरेत उसण. म्हटलं, "सळईला धार नाही." तिने वहीत चार असं लिहिलं. ही पोरगी चार पुस्तकं वाचून मला जमीन शिकवणार!

२० सप्टेंबर
मोजणी: ९१२ जिवंत.

परसातली छाटणीची कात्री पुन्हा जागेवर नाही. या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ.

१८ ऑक्टोबर
मोजणी: ५९०.

एक मेलेलं रोप उपटून पाहिलं. मुळं खड्ड्याच्या आत गोल गोल फिरलेली, जणू कुंडीतच आहेत. बाहेर एक तंतू गेलेला नाही. सरळ रोपवाटिकेत गेलो आणि माळ्याला फैलावर घेतलं, की तू रोपं कुंडीत कुजवून दिलीस. तो म्हणाला, "मामा, हीच रोपं शाळेच्या मैदानाभोवती लावली, ती डोक्याएवढी झाली." म्हटलं, थापा मारू नकोस.

गेल्या आठवड्यात ढेकळ्या वाटेत भेटला. तो अजून ठेकेदाराकडे डोझर चालवतो. म्हटलं, तुझी घाण निस्तरायला तुझंच यंत्र दे दोन दिवस. म्हणाला, "घेऊन जा की." संध्याकाळी हिला सांगितलं तर हिने एकदम पोट धरलं. दोन दिवस अंथरुणावर. डॉक्टरला काही सापडलं नाही. डोझर दारात येऊन परत गेला.

११ नोव्हेंबर
मोजणी: ३६४.

बादल्या वाहतोय. सकाळी साठ, संध्याकाळी साठ. पाणी ओतलं की मुरत नाही, बाजूला पसरतं आणि उन्हात वाळून जातं. खांदे भरून आलेत. साहेब गाडी थांबवून काच खाली करून म्हणाले, "मामा, राखेचे पाइप पुढच्या आठवड्यात येऊन पडतील हं. आधीच आणून ठेवतोय." त्यांच्या तोंडावर बादली रिकामी करावीशी वाटली. केली नाही, कारण पाणी झाडांचं होतं.

मी हरणार नाही. लिहून ठेवतो. एकशेवीसच्या दोनशे बादल्या करीन, पण त्या जमिनीवर राख पडू देणार नाही.

३ डिसेंबर
मोजणी: २४८.

दुपारी ही डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी ओढ्याकडे जाऊन बसली. ही रोज तिथेच का बसते, असं कधी मनातही आलं नव्हतं. आज ऊन फार होतं म्हणून मीही मागून गेलो. तीन वर्षांत त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं, लाज वाटायची; लांबून हिरवं दिसायचं ते घाणेरीचं रान समजून नजर वळवायचो.

ही सावलीत बसली होती. सावलीत! तिथे झाडं आहेत. कुणी न लावलेली. माझ्या डोक्याच्या वर गेलेली. खड्ड्यांत गवत, उंचवट्यांवर झुडपं, पाखरांचा गलका. आणि तुती. एक नाही, वीस-पंचवीस. पाखरांनी बी आणलं असणार.

मी म्हटलं, "हे काय आहे?"

ही म्हणाली, "जेवून घ्या."

सळईबाई तिथेच माप घेत होती. तिच्या हातातून सळई ओढून घेतली. माझ्या जमिनीवर लावतो तसा सगळा जोर लावला. सळई दांड्यापर्यंत गेली आणि मी तिच्या मागोमाग तोंडावर आपटलो. नाकातोंडात माती. दोघी धावत आल्या. मला उठायचंच नव्हतं. मऊ होती ती माती, त्या आळशी माणसाची.

५ डिसेंबर
झोप नाही. सळईबाईला विचारलं, सरळ सांग.

ती म्हणाली, "काका, माती मोकळी ओतून तशीच सोडायची असते. मुळांना शिरायला फटी लागतात, पाण्याला थांबायला खड्डे लागतात. दाबली की विटेसारखी होते. तुम्ही पाणी मारून किती फेऱ्या केल्या होत्या?"

मी उठलो. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. रोजचं लिहिलेलं आहे माझ्याच अक्षरात. अठरा फेऱ्या. काही ठिकाणी बावीस.

माळ्याला शिव्या घातल्या, रोपांना घातल्या, या पोरीला घातल्या. दोनदा लावलेली झाडं मेली ती माझ्यामुळे. हिच्या वडिलांच्या शेतावर मी दगड करून ठेवला आणि वर त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून रोज पुसलं. ढेकळ्याला मी तीस वर्षं हसलो.

६ डिसेंबर
माळ्याकडे जाऊन माफी मागितली. त्याने चहा पाजला. ढेकळ्याची माफी मागणार नाही. तो आळशी आहेच.

८ जानेवारी
उपाय आहे. डोझरच्या मागे रिपर असतो, तीन लोखंडी दात. ते कमरेइतके खोल रुतवून जमीन फाडायची. सळईबाई म्हणते, जमीन कोरडी असतानाच फाडायला हवी, ओली असली तर नुसतं लोणी कापल्यासारखं होईल, आतून फुटणार नाही. म्हणजे आत्ताच. तपासणीच्या आधी.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "वेड लागलंय का? सपाटीकरण पूर्ण झाल्याच्या कागदावर तुमची सही आहे. एकही यंत्र आत आणायचं नाही. आणलंत तर राखणदारी गेली आणि वर पोलीस."

म्हटलं, "सही माझी आहे ना? मग फाडणारही मीच."

"मामा, महिन्याभरात पथक येतंय. त्यांना उखणलेलं रान दाखवणार?"

दार आपटून आलो.

हिला सांगितलं. राखणदारी जाईल, अब्रू जाईल, कदाचित जमीनही जाईल. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ढेकळ्याभाऊजींना मी निरोप देऊ की तुम्ही देताय?"

१२ जानेवारी, सुट्टीचा दिवस
हवा: कोरडी. यंत्र: ढेकळ्याचं. ऑपरेटर: मी.

फाटकाची किल्ली माझ्याकडेच असते. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत डोझर आत घातला. चोरी थोडीच करतोय?

ढेकळ्या म्हणाला, "मी चालवू का? तुझ्या जिवावर येईल."

म्हटलं, "तू फाडशील तर तेही अर्धवट सोडशील. उतर."

पहिला दात टेकवला तेव्हा पाय पॅडलवरून सरकेना. समोर माझी जमीन, टेबलासारखी. खिशात गोटी होती, का घेऊन गेलो होतो कुणास ठाऊक. मग दात रुतवले. आतून खडखड आवाज आला, फरशी फुटते तसा, आणि मागे वळून पाहिलं तर पाटीएवढी ढेकळं उलटी पडत होती. मी केबिनमध्ये मोठ्याने रडलो. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, आणि गेलं असेल तर जाऊ दे.

जिवंत झाडांच्या ओळी वाचवत दिवसभर फाडलं. समितीची माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली. कुणी म्हणालं इस्त्रीमामाला चळ लागला. ही त्यांना पाणी देत होती आणि सांगत होती, "लागायचाच होता कधीतरी."

फाटकाजवळची दहा हात पट्टी तशीच ठेवली, सपाट. मुद्दाम.

१३ जानेवारी
साहेबांनी राखणदारी काढून घेतली. किल्ली मागितली. दिली. म्हटलं, "कुंपण कुठे वाकतं ते मला माहीत आहे." बादल्या चालू आहेत.

१७ फेब्रुवारी
आज पथक आलं. सविस्तर लिहितो.

साहेब पुढे पुढे. "बघा, साहेब, अकराशेपैकी दोनशे सहा. आणि या माणसाने बेकायदा यंत्र घालून जमिनीची नासाडी केली."

पथकाचे प्रमुख वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. म्हणाले, "कोणी केली?"

"मी," मी म्हटलं. "आणि याआधीची नासाडीही मीच केली. ती आधी बघा." काखेत काचेची चौकट होती आणि पिशवीत वह्या. प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं. मग वही उघडून दिली.

त्यांनी बोट ठेवून वाचलं. "अठरा फेऱ्या?" सळईबाईकडे वळून विचारलं, "किती हव्यात?"

"एक, सर. फार तर दोन."

"मग अठरा का केल्या हो?"

"गोटी हलत होती," मी म्हटलं.

मी प्रमुखांना सळई दिली. फाटकाजवळच्या सपाट पट्टीवर टेकवायला लावली. चार बोटं. मग फाडलेल्या जागी. दांड्यापर्यंत, त्यांच्यासारख्या हडकुळ्या माणसाच्या हातून. मग ओढ्याकडे नेलं. झाडांखाली जाऊन ते टोपी काढून उभे राहिले.

मी म्हटलं, "साहेब, नापीक लिहायचं असेल तर माझ्या नावापुढे लिहा, जमिनीच्या नाही. हिच्यात दोष नाही. एक वर्ष द्या. पुढच्या वर्षी साडेपाचशे नसतील तर राखेचा पहिला पाइप मी स्वतः जोडून देतो."

कंपनीच्या साहेबांनी काहीतरी नियम काढला. प्रमुख म्हणाले, "हो, तो वाचलाय मी." आणि कागदावर लिहिलं: निर्णय एक वर्ष तहकूब. राखणदारी समितीच्या हातात, कंपनीच्या नाही.

घरी आल्यावर भिंतीवर चौकटीच्या जागी पांढरा चौकोन दिसत होता. ही म्हणाली, "बरं दिसतंय."

१० जुलै
अकराशे रोपं लावली. पाऊस पडतो आणि पाणी दिसत नाही! सगळं आत जातं. मी वेड्यासारखा खड्ड्या-खड्ड्यांतून बघत फिरतोय.

कात्री परत गायब.

२८ ऑगस्ट
एक रोप मुद्दाम उपटलं. माफी मागून. मुळं चहूकडे पळालेली, उपटता उपटता तुटली. लगेच परत पुरलं, रागावलं असेल.

१५ फेब्रुवारी
पुन्हा तेच पथक, तेच प्रमुख. साहेब आले नव्हते. पाइप महिन्यापूर्वीच दुसरीकडे गेले.

मोजणी: ८७३. त्यांच्या माणसांनी दोनदा मोजली. सही झाली, शिक्का बसला. जमीन सुपीक. राख येणार नाही. सळईबाईने मला मिठी मारली आणि मग दोघंही ओशाळलो.

प्रमुख यादी बघत म्हणाले, "यात तुतीची नोंद नाही. आणि इथे तर साठ-सत्तर तुती आहेत, फाडलेल्या भागातसुद्धा. कुणी लावल्या?"

"पाखरांनी," मी म्हटलं.

सळईबाई खाली वाकली. "काका, पाखरं फांदी तिरकी कापून खोचत नाहीत. आणि दोन-दोन हातांवर ओळीतही लावत नाहीत."

मी वाकून पाहिलं. बुंध्याशी जुना काप. परसातल्या कात्रीचा, तिच्या पात्याला दाता पडलाय तो मी ओळखतो. मागे वळून हिच्याकडे पाहिलं. ही ओढ्याकडे बघत होती, जणू तिथे काही चाललंय.

सगळे गेल्यावर विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही दवाखान्यातून घरी आलात त्या आठवड्यापासून. विहीर साधारण इथेच होती."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं? ढेकळ्याच्या मातीत लागतं आणि माझ्या मातीत नाही?"

"हो."

"आणि तू मला बादल्या वाहू दिल्यास? पोट दुखतंय म्हणून दोन दिवस झोपून राहिलीस? अगं, एका शब्दाने सांगितलं असतंस तर!"

"सांगितलं असतं," ही म्हणाली, "तर तुम्ही आधी हा कोपरा इस्त्री केला असता आणि मग विचार केला असता."

खरं होतं ते. मग मी खिशातली गोटी काढून जमिनीवर ठेवली. घरंगळत गेली, ढेकळाला आपटली, वळली आणि एका तुतीच्या बुडाशी खड्ड्यात जाऊन पडली. ही उचलायला वाकली. म्हटलं, राहू दे.

हवा: स्वच्छ. यंत्र: छाटणीची कात्री. ऑपरेटर: ही. सपाटी: अत्यंत वाईट. शेरा: कुणीही हात लावू नये.